‘हार्ट फेल’ या शब्दाचा इतिहास

(शिरूर आणि दौंड इथं दिलेल्या दोन व्याख्यानांचं एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आपल्याकडे ‘अमक्याचं हार्ट फेल झालं’ असं कुणी सांगितलं की आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : माती किती वाजता? शब्दच तसा आहे. परीक्षेत फेल झालेल्याला निदान पुन्हा बसता येतं. हार्ट फेल झालेल्याला तीही सोय नाही, अशी आपली समजूत. वर्तमानपत्रं हेच जरा सोवळ्या मराठीत लिहितात, ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’.

डॉक्टर मात्र हा शब्द मेलेल्या माणसासाठी वापरतच नाहीत. त्यांच्या भाषेत हार्ट फेल्युअर हा जिवंत माणसाचा आजार आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालू शकतो. हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तितकं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलायचं तर आतला दाब वाढवूनच ढकलतं. मग पाणी मागे साठतं. पायाला सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की गुदमरतं म्हणून माणूस तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतो. झटका वेगळा : त्यात हृदयाची रक्तवाहिनी अडकते. हृदय एकदम बंद पडणं आणखी वेगळं : तो बहुतेकदा हृदयातल्या विजेचा घोळ असतो. या तीन गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. औषधाचा डोस मला विचारू नका. पण शब्द चुकला की माणूस काय करून बसतो, हा माझ्या विषयातला प्रश्न आहे. केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ वाचून एक घर हातपाय गाळतं. आता काय उरलंय, म्हणून म्हाताऱ्याला गावी आणून ठेवतं. दुसऱ्या घराला कुणीतरी ‘जरा पाणी साठलंय’ एवढंच सांगतं. लघवीची गोळी लागू पडते, आठ दिवसांत सूज उतरते, आणि महिन्याभरात सगळ्याच गोळ्या बंद होतात. दोन्ही घरांचा शेवट सारखाच होतो.

तर या शब्दाच्या मागे काय काय घडलं, ते बघू.

विल्यम हार्वेचा ग्रंथ १६२८ सालचा. रक्त शरीरात गोल फिरतं आणि हृदय ते ढकलतं, हे त्यानं मोजमापानं दाखवलं. तेव्हापासून हृदय म्हणजे पंप ही उपमा बसली ती बसलीच. उपमा सोयीची आहे. आपल्या भागात तर ती फार समजावून सांगावी लागत नाही. घोड नदीवर नाहीतर भीमेवर मोटर बसवलेल्या माणसाला दाब कमी झाला की काय होतं ते ठाऊक असतं. पण उपमा माणसाचा विचार एका दिशेला ढकलते. पंप दुबळा झाला तर काय करायचं? त्याचा जोर वाढवायचा. जवळजवळ दोनशे वर्षं वैद्यकानं हेच केलं.

सुरुवात झाली एका झाडपाल्यापासून. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये एक बाई जलोदरावर घरगुती औषध देत असे. विल्यम विदरिंग या डॉक्टरानं त्या औषधातल्या वीसेक वनस्पतींमधून नेमकी कामाची हुडकली, ती फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस. दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून त्यानं १७८५ साली पुस्तक लिहिलं. बाईचं नाव इतिहासानं नीट जपलं नाही, डॉक्टरचं जपलं, असो. त्याच्यापुढचं शतक-दीड शतक फार सांगण्यासारखं नाही. सुजलेल्या पायात बारीक नळ्या खुपसून पाणी काढत. १९१९ साली व्हिएन्नात उपदंशाच्या एका रुग्णाला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि त्याला भरमसाट लघवी झाली, म्हणून पुढे चाळीस वर्षं लोकांना पारा टोचला. १९५०च्या अखेरीस आणि साठच्या दशकात लघवीच्या आजच्या गोळ्या आल्या आणि पारा गेला. बाकी उपचार एकच : अंथरुणात पडून राहा.

याच सुमारास मुंबईत एक गोष्ट घडली. ती आपल्या माणसांना माहीत असायला हवी, पण नसते. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. वेडावर आणि झोपेसाठी ती देत. तिनं रक्तदाब उतरतो असं कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिलं होतं, पण जगानं ते वाचलं नाही. वकिलांनी पन्नास रुग्णांवरची निरीक्षणं १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली आणि मग मात्र जगाला जाग आली. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीनं त्या मुळातून रेझरपिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

आता याचा हार्ट फेल्युअरशी काय संबंध? वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदय जाड होतं, ताठर होतं, आणि शेवटी थकतं. पण दाब गोळीनं उतरवला तर ते टळतं का? हे तेव्हा कुणालाच सिद्ध करता आलेलं नव्हतं. वाढलेला दाब शरीराला गरजेचाच असतो, तो उतरवू नये, असं म्हणणारे नामांकित डॉक्टर होते. १९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुषांचे दोन गट केले. एकाला खरी औषधं, दुसऱ्याला नुसत्या दिसायला सारख्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, खऱ्या औषधांच्या गटात दोघांना. ती खरी औषधं तीन होती, आणि त्यातलं एक होतं रेझरपिन. सर्पगंधेचं. पुढे त्याच्या दुष्परिणामांमुळे, विशेषतः औदासीन्यामुळे, ते मागे पडलं. पण बीपीची गोळी जीव वाचवते हे ज्या प्रयोगानं ठरलं, त्यात मुंबईच्या त्या पन्नास रुग्णांचाही वाटा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या काळी विहिरीवर मोट असे. मोटेचा बैल थकला, पाय ओढायला लागला, तर चाबूक मारला की दोन फेऱ्या तो जोरात मारतो. बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. हृदयाचा जोर वाढवणारी औषधं ही तशीच. मिलरिनोन नावाची गोळी निघाली. रक्त जोरात ढकललं जाई. १९९१ साली १०८८ रुग्णांवरच्या अभ्यासाचे आकडे आले : गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. पंपाचा जोर वाढत होता आणि माणसं लवकर मरत होती.

दुसरीकडे बीटा ब्लॉकर. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात काढलेली ही औषधं ॲड्रिनॅलिनचा परिणाम अडवतात, हृदयाचे ठोके आणि जोर दोन्ही कमी करतात. ती दुबळ्या हृदयाला देणं म्हणजे खून, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं. अनुमान बघा किती स्वच्छ आहे. हृदय दुबळं आहे. हे औषध हृदयाला आणखी मंद करतं. म्हणून हे औषध देऊ नये. न्यायशास्त्राच्या वर्गात मी हे अनुमान फळ्यावर लिहिलं असतं तर एकाही विद्यार्थ्यानं हरकत घेतली नसती.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली सात रुग्णांना ते दिलं. फक्त सात. आणि ते सुधारले. निबंध छापला पुन्हा त्याच ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये. लोकांनी विश्वास ठेवला नाही, आणि सात रुग्णांवर विश्वास ठेवायचाही नसतो. पुढे चोवीस वर्षं गेली. १९९९ साली दोन मोठे अभ्यास आले, एक बिसोप्रोलॉलचा, एक मेटोप्रोलॉलचा. मिळून साडेसहा हजारांवर रुग्ण. दोन्हींत मृत्यूचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं घटलं. फायदा इतका उघड होता की दोन्ही अभ्यास मुदतीआधीच थांबवले.

मग ते स्वच्छ अनुमान फसलं कुठे? त्यात एक न उच्चारलेलं गृहीतक होतं : शरीर जे करतं ते शरीराच्या भल्याचंच असतं. हृदयानं रक्त कमी ढकललं की शरीराला वाटतं, जखम झाली, रक्त वाहून गेलं. मग ते मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळतं, ॲड्रिनॅलिन ओततं. कुऱ्हाड लागलेल्या माणसाला हे तासभर वाचवतं. पण हृदयच दुबळं असलेल्या माणसात तोच गजर महिनोन्‌महिने वाजत राहतो. चाबूक बाहेरून कुणी मारायची गरजच नसते, शरीर स्वतःच मारत असतं. बीटा ब्लॉकर तो चाबूक काढून घेतो. थोड्या डोसानं, हळूहळू, ही अट मात्र फार महत्त्वाची. एकदम दिलं तर जुनं पाठ्यपुस्तक खरं ठरतं!

दुसरा चाबूक अडवणारं औषध आलं सापाच्या विषातून. ब्राझीलमधला जराराका नावाचा साप चावला की माणसाचा दाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा हे ब्राझिलियन संशोधक त्या विषाचा अर्क लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यातून कॅप्टोप्रिल निघालं, त्याच्या भावंडांपैकी एक एनालाप्रिल. १९८७ साली अगदी शेवटच्या अवस्थेतल्या २५३ रुग्णांवर ते तपासलं. सहा महिन्यांत साध्या गोळीवर शंभरातले ४४ गेले, एनालाप्रिलवर २६. हार्ट फेल्युअर हा शब्द मरणापासून सुटायला लागला तो इथं, असं मी म्हणेन. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या स्वस्त गोळीचाही असाच फायदा दिसला.

शब्द मरणापासून सुटला म्हणालो, पण मरणाचीच व्याख्या त्या आधी बदलायला लागली होती, आणि त्यातही मुंबई होती. ३ डिसेंबर १९६७ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बदललं. रुग्ण १८ दिवस जगला. अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ला, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. महापालिकेचं रुग्णालय, हे लक्षात घ्या. रुग्ण काही तासांतच गेला. पण हात कमी पडले म्हणून आपल्याकडे हे काम थांबलं असं मला वाटत नाही. कायदा आणि कल्पना, दोन्ही तयार नव्हत्या. धडधडतं हृदय ज्याच्या छातीत आहे तो माणूस मेला, असं कोण म्हणणार? आपल्या भाषेत तर हृदय बंद पडणं हाच मृत्यू. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, ही कसोटी हार्वर्डच्या समितीनं मांडली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. आपल्याकडे तसा कायदा व्हायला १९९४ उजाडलं; त्यासाठी ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले त्यात गोवा आणि हिमाचलबरोबर महाराष्ट्र होता. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी रोपण केलं. मुंबईत मात्र यशस्वी रोपण थेट ऑगस्ट २०१५ मध्ये झालं, मुलुंडला, डॉ. अन्वय मुळे यांच्या हातून. सत्तेचाळीस वर्षांनी. आणि ते हृदय गेलं होतं पुण्याहून.

रोपणाची बातमी मोठी होते, पण ते मोजक्यांच्याच नशिबी. बाकीच्यांसाठी गेल्या दहा वर्षांत जे झालं ते गोळ्यांचंच आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं होतं. त्यानं लघवीवाटे साखर जाते. त्यावरून फार पुढे मधुमेहाच्या गोळ्या बनल्या : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अट घातली होती की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. घातक नाही एवढंच दाखवायला निघाले, आणि २०१५ साली दिसलं काय? हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी! २०१९च्या अभ्यासात तर मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही गुण आला. २०२१ साली ताठर हृदयाच्या रुग्णांनाही आला. म्हणजे ज्यांचं टूडी एकोवरचं पंपिंग चांगलं दिसतं आणि तरी दम लागतो ते. त्यांच्यासाठी तोवर धड काहीच नव्हतं. आज दुबळ्या हृदयासाठी चार प्रकारच्या गोळ्या पाया मानल्या जातात : एनालाप्रिलच्या घरातली किंवा तिच्या जागी आलेली सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी, आणि ही साखरेची. लघवीची गोळी वेगळी. ती सूज उतरवते, आयुष्य वाढवते असं सिद्ध झालेलं नाही. नेमकं आपण हेच उलटं धरतो. सूज उतरवणारी ती खरी, बाकीच्या उगाच.

मग ही औषधं आपल्या माणसांपर्यंत पोचली का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीनं देशातल्या ५३ रुग्णालयांत १०,८५१ रुग्णांची नोंद झाली. सरासरी वय साठ. पाश्चात्त्य देशांत हाच आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो. आमच्याकडे घरातला कमावता माणूस जातो. भरती झाल्यापासून नव्वद दिवसांत शंभरातले चौदा गेले होते. आणि दुबळं हृदय असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना शास्त्रानं सांगितलेली औषधं लिहून दिलेली होती. हे सगळं मोठ्या रुग्णालयांत बरं का. शिरूर-दौंडच्या दवाखान्यांची गोष्ट त्यात नाहीच.

त्याच नोंदीत बाया होत्या फक्त ३१ टक्के. बाकीच्या कुठे गेल्या? दौंडकरांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. केडगावला त्यांनी मुक्ती मिशन वसवलं ते नंतर. त्याच्या आधी, १८८२ साली, पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टर तयार करा अशी मागणी केली होती, कारण पुरुष डॉक्टरला दुखणं सांगण्यापेक्षा बाई मरण पत्करते. आज डॉक्टर बाया पुष्कळ आहेत. पण बाईला दम लागला तर ‘वय झालं’, पाय सुजले तर ‘दिवसभर उभी असते’, हे घराघरात चालूच आहे. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन झडप खराब झालेली मुलगी कितीदा पहिल्या बाळंतपणातच सापडते.

आता वढू बुद्रुककडे येऊ, म्हणजे आपल्याच तालुक्यात. लोकांना ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत. पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७२ साली तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच बायाबापड्यांना शिकवून आरोग्यसेवक करायचं, ही त्यांची पद्धत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. २००२ पासून वढू आणि परिसरातल्या बावीस गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची कायम नोंद होते. केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांपासून त्यांच्या मुलांपर्यंत पाहत आले आहेत. त्यांना दिसलं की तिथलं बाळ सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं साडेतीन किलो. पण आपलं बाळ हाडकुळं असूनही चरबी मात्र राखून असतं. पुढे मधुमेह आणि हृदयविकार याचं बी इथं, आईच्या पोटात पेरलं जातं का, हा त्या कामाचा प्रश्न आहे. हृदय साठीत थकतं, पण त्याचा हिशोब कदाचित साठ वर्षं आधी सुरू झालेला असतो.

अलीकडच्या संशोधनातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र औषध नाहीच. २०२२ साली १४ देशांतल्या ८७ रुग्णालयांत एक साधी गोष्ट तपासली. रुग्णाला घरी सोडण्याआधीच औषधं अर्ध्या डोसापर्यंत न्यायची, दोन आठवड्यांत पूर्ण करायची, आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याला चार वेळा बोलावून दाब, नाडी, पोटॅशियम, किडनी आणि रक्तातली हृदयावरच्या ताणाची खूण बघायची. औषधं जुनीच, घाई तेवढी नवी. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती : नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के, या पद्धतीत १५. आता हे पुण्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर कसं करायचं? चार वेळा जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी, एसटी नाहीतर दौंडची लोकल, शिवाय सोबतीला घरातलं एक माणूस. यावर उपाय म्हणून कुणी आणखी एक मोठं हॉस्पिटल उभारतो म्हणाला तर माझा विरोध राहील. नाडी, दाब, वजन आणि रक्ताचा एक नमुना, एवढं ग्रामीण रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात होऊ शकतं. वढूत पन्नास वर्षांपूर्वी गावच्या बायांनी याहून अवघड कामं केली आहेत.

शेवटी शिरूरला आलेले दोन प्रश्न. एका आजींनी विचारलं, मीठ किती? आकडा डॉक्टर सांगतील. पण ठेचा, लोणचं, पापड आणि नातवाच्या पुड्यातलं फरसाण हेही मीठच आहे, हे मोजताना धरा. घरात वजनकाटा ठेवा, धान्याचा नव्हे, माणसांचा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर उभं राहायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगाला लागलेलं नसतं, पाणी असतं. सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा, किमतीचा. डापाग्लिफ्लोझिनचं एक पेटंट आपल्याकडे २०२० साली संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टनच्या इतर कंपन्यांच्या गोळ्या २०२३ पासून मिळतात, एम्पाग्लिफ्लोझिनच्या मार्च २०२५ पासून. किमती खूप उतरल्या आहेत. ज्यांची चिठ्ठी त्याआधीची आहे त्यांनी ती घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जावं आणि स्वस्त पर्याय आहे का ते विचारावं. मनानं गोळी बदलू नये, आणि परवडत नाही म्हणून मुकाट्यानं बंद तर मुळीच करू नये. ‘परवडत नाही’ हे डॉक्टरांना तोंडावर सांगायला आपल्याला लाज वाटते. ते सांगितलं तर ते दुसरं लिहून देऊ शकतात; न सांगता सोडलं तर त्यांना वाटतं, गोळी लागू पडली नाही.